लागला, लावला

उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या ऑफिसात
माझं काम टाइप करायचं.
हजेरी, ओव्हरटाइम, पगाराच्या चिठ्ठ्या,
आणि त्या मंगळवारी, साडेचारच्या चहानंतर,
यल्लू हुंदरेचा जबाब.

कोअर शॉपमधली यल्लू. कडोलीहून सातच्या बसनं येते.
केसांच्या मुळांशी बारीक वाळू, हातांना रेझिनचा वास.
खुर्चीच्या कडेवर टेकून म्हणाली,
"मी दोनदा सांगितलो त्येला.
मी बाजूला सरलो, तर त्यो बी सरला."
आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात,
आलो, गेलो, सांगितलो.
मी तिचं शुद्ध करत गेले.
सांगितलं. सरले.
कागदावर यल्लू ओळीगणिक कमी होत गेली.

शिफ्ट इनचार्जचं नाव आलं
तेव्हा समितीतले अण्णा खिडकीकडं बघत म्हणाले,
"आपलाच माणूस गे तो.
एक नोव्हेंबरला काळी फीत बांधून चालतो आपल्यासंगं.
त्याची तक्रार कानडीत लिहून वर पाठवायची?"
"चालतोय की," यल्लू म्हणाली. "मी बी चालतो.
गेल्या साली गर्दीत
माझ्या मागंच होता."

अण्णांनी चष्मा पुसला. खूप वेळ पुसला.

मी शेवटची ओळ वाचून दाखवली:
कोअरचा ट्रे उचलताना त्यांचा हात लागला.
"लागला न्हाई," ती म्हणाली.
"लावला."
एका अक्षराचं तर काम, करते दुरुस्त,
असं म्हणून मी कर्सर ग-च्या मागं नेला
आणि बोट तिथंच राहिलं.

लागतो तो दाराचा कोपरा.
बसमध्ये शेजारणीची पिशवी लागते.
ऊन लागतं, ठेच लागते, भूक,
लागण्यात कुणाचा काही दोष नसतो.
कुलूप मात्र कुणीतरी लावतं.
बोली लावतं.
आधी दार बघून घेतं, मग लावतं.

चौदा वर्षांमागं, खानापूरच्या पतसंस्थेत,
खालच्या कपाटातलं लेजर काढायला मी वाकले होते.
घरी आईला म्हटलं, हात लागला बहुतेक.
तो जबाब कुणी घेतला नव्हता.
शुद्ध मीच केला होता.
ते बहुतेकसुद्धा माझंच.

साक्षीला नीलव्वा अंगडी आली.
तिला मराठी सगळं कळतं, राग आला की मात्र कानडीच येतं.
बाहेरच्या मॅडमनी हळूच विचारलं,
"कै तागितेनु?"
"तागलिल्ल री," नीलव्वा म्हणाली, "हाकिद."
आणि आपला हात टेबलावर हवेत धरून दाखवला.
कसा, ते.
किती वेळ, ते पण.
तेवढा वेळ खोलीत नुसता पंखा.

या गावात पाट्यांवरून डोकी फुटलीत,
कुठली भाषा वर, कुठली खाली.
पण तागणं आणि हाकणं, लागणं आणि लावणं
यांच्यामधली रेघ
दोन्हीकडं एकाच जागी निघाली.
ती आजवर कुणी मोजायला आलं नव्हतं.

ग खोडला. व घातला.
मग वर जाऊन सांगितलो केलं, सरलो केलं,
अण्णा म्हणाले, "अशुद्ध दिसतंय की."
मी म्हटलं, "असू द्या."

निकाल लागेल, म्हणतात.
लागेल?
कुणीतरी लावावा लागेल.
उद्या सकाळी इनचार्ज त्याच शिफ्टला आहे
आणि यल्लूचा ट्रे त्याच रॅकवर.

सही करून उठताना तिनं विचारलं,
"आजचा अर्धा दिवस कापणार काय गे?"
मस्टर माझ्याच टेबलावर होता.
मी तिच्या नावापुढं हजर लिहिलं,
जरा दाबूनच,
खालच्या पानावर उमटेल इतकं.